पाटी पुढच्या दाराला लावण्याआधी

जयंतरावांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होतो. सकाळचे साडेनऊ, हातात सुती हातमोजे आणि समोर यंत्रावर एका गिअरबॉक्सचं झाकण मापायला लावलेलं. "मिलिंद, वसुधा गेली. पहाटे," एवढंच ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मी पहिली गोष्ट काय केली, तर यंत्राचा मेन स्विच बंद केला. काम अर्धवट होतं, गिऱ्हाईक दुपारी येणार होतं, तरीही केला. जिच्यामुळे ही लॅब उभी आहे ती बाई गेल्यावर ते यंत्र आपलं गुरगुरत राहावं, हे मला सहनच होईना.

त्याच्या सोळा-सतरा दिवस आधी मी त्यांच्याकडे, आमच्या वरच्या मजल्यावर, गेलो होतो. अनघानं, म्हणजे माझ्या बायकोनं, साबुदाण्याचे वडे पाठवले होते. ऑगस्टचा उकाडा, इथे जर्मनीत झिंडेलफिंगेनच्या दुकानांत पंखे मिळेनासे झालेले, आणि वसुधाताई बाल्कनीत शाल पांघरून बसलेल्या. मी म्हणालो, "ताई, बऱ्या दिसताय." त्या म्हणाल्या, "दिसतेय ना? मग झालं. वडे गरम आहेत का ते सांग." मी खाली येऊन अनघाला सांगितलं, ताई एकदम ठणठणीत आहेत. इतका बावळटपणा मी आयुष्यात फार वेळा केलेला नाही. कारण कुणी काही सांगितलं तर त्यातले शब्द कसे ऐकायचे, हे मला याच बाईनं शिकवलं होतं.

आमची ओळख भांडणातून झाली. आम्ही एकाच इमारतीत, त्या तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. इथे श्वाबेनमध्ये केअरवोखे नावाचा प्रकार असतो. ज्या घराचा आठवडा असेल त्यानं जिना झाडून-पुसून काढायचा. दाराला तशी लाकडी पाटी लटकत असते, आणि काम झालं की ती आपण पुढच्या घराच्या दाराला नेऊन लावायची. आम्ही नवे होतो, मी तेव्हा इथल्या मोटार कारखान्यात नोकरीला, शनिवारी कंटाळा आला होता. जिना तसा स्वच्छच दिसत होता हो! मी पाटी उचलली आणि गुपचूप वरच्या दाराला लावून आलो. दहा मिनिटांत बेल वाजली. दारात पन्नाशीच्या एक बाई, साडीवर एप्रन, हातात ती पाटी. "तुम्ही कुळकर्णी ना? ही पाटी माझ्या दाराला लावलीत म्हणजे जिना पुसून झाला असं मला सांगितलंत. झालाय का?" मी म्हणालो, "अहो, मी तसं कुठे काही बोललो?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "बोलायला तोंडच लागतं असं नाही. पाटी लावली, सांगून झालं." आणि पाटी माझ्या हातात देऊन वर निघून गेल्या. मी दात-ओठ खात तीन मजले पुसले. तळमजल्यावरच्या केसलरबाई दार किलकिलं करून बघत होत्या आणि मान डोलावत होत्या. पुसून झाल्यावर पाटी घेऊन वर गेलो, तर दार उघडंच होतं आणि टेबलावर दोन कप चहा ओतलेला.

वसुधाताई पुण्यात कायदा शिकल्या, मग काही वर्षं इंग्लंडमध्ये एका वकिलांच्या कचेरीत काढली आणि लग्न होऊन इथे आल्या. त्यांचे यजमान जयंतराव इथे गाड्यांच्या सस्पेन्शनवर काम करायचे. इथल्या कायद्याच्या जगात ताईंच्या पदवीला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या एखादीनं कपाळाला हात लावला असता. ताईंनी जर्मन शिकून एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या करार विभागात जागा मिळवली आणि वीस-बावीस वर्षं इंग्लिश कायद्याखालचे करार वाचले. "मी वकील नाही, मी कागद वाचणारी बाई आहे," असं त्या सांगायच्या. वाचायच्याही कशा, तर हातात पेन्सिल घेऊन. वस्तुस्थितीचं विधान असेल तर खाली सरळ रेघ, नुसतं मत असेल तर नागमोडी, आणि वचन असेल तर दोन रेघा. वर्तमानपत्रसुद्धा असंच वाचायच्या. मराठी मंडळाच्या गणपतीच्या निमंत्रणावर ‘सर्वांसाठी सुग्रास भोजन’ लिहिलं होतं, त्यात ‘भोजन’खाली सरळ आणि ‘सुग्रास’खाली नागमोडी रेघ मारून त्यांनी ते अध्यक्षांना परत दिलं होतं. लोक हसायचे. त्यांना काही फरक पडायचा नाही.

पुढे मी नोकरी सोडली. पक्की, निवृत्तीपर्यंत कुणी हलवणार नाही अशी नोकरी. घरचे फोनवर फोन करून मला वेड्यात काढत होते, एकटी अनघा म्हणाली, "कर. पण करायचंच तर नीट कर." मला मोजमापाची लॅब काढायची होती. कारखान्यांनी बनवलेले सुटे भाग आमच्याकडे यायचे, आम्ही ते केसाच्या कितव्या भागापर्यंत बरोबर आहेत ते मोजून लेखी रिपोर्ट द्यायचा. अशा धंद्यात विकायला वस्तू नसतेच. माझी सही असते आणि त्या सहीवर लोकांचा विश्वास असतो, बस्स. ते मोजायचं यंत्र नवं घेणं झेपणारं नव्हतं, म्हणून इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून वापरलेलं घेतलं. करार इंग्लिश कायद्याखाली. मी ताईंना दाखवला का? छे! मला वाटलं, एवढ्याशा कामासाठी कशाला त्यांना त्रास... खरं सांगायचं तर, त्या पेन्सिल घेऊन बसतील आणि महिनाभर मला काही घेऊ देणार नाहीत, याची भीती होती.

यंत्र आलं, बसलं, कामं येऊ लागली. पहिलं काम दिलं ते हेअर, म्हणजे श्रीयुत, ब्रेनर यांनी, माझे जुने साहेब. माझ्यावर विश्वास टाकणारा पहिला माणूस. तीन-चार महिने झाले असतील, आणि यंत्राच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातलं माप मला खटकायला लागलं. सर्व्हिसच्या माणसाला बोलावलं. त्यानं वरचं आवरण उघडलं, आत बॅटरी मारून पाहिलं आणि मला हाक मारली. उभा खांब कधीतरी जोरात धडकलेला होता, आणि कुणीतरी तो दुरुस्त करून, रंग देऊन परत बसवला होता. विक्रेत्याच्या मेलमध्ये तर स्वच्छ लिहिलं होतं की हे यंत्र कधी धडकलेलं नाही आणि बसवल्यापासून उघडलेलंही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर. ताईंनी मेल छापून मागितला, चष्मा लावला, पेन्सिल घेतली. "‘उत्तम स्थितीतलं यंत्र’... हे मत. विकणारा असं म्हणणारच, सोडून दे. ‘वर्षानुवर्षं साथ देईल’... हे बोलणं झालं. आणि हे बघ." त्यांनी धडकण्याच्या वाक्याखाली पट्टी धरून सरळ रेघ ओढली. "ही वस्तुस्थिती. खरी तरी, नाहीतर खोटी तरी. या वाक्यामुळे घेतलंस का?" म्हटलं, "त्याच वाक्यामुळे. ते नसतं तर घेतलंच नसतं. पण ताई, चूक माझीच आहे. मी स्वतः जाऊन आवरण उघडून बघायला हवं होतं." तेव्हा त्या जराशा चिडल्या. "तुला बघायची संधी होती म्हणून खोटं सांगणारा सुटतो की काय? इंग्लिश न्यायाधीशांनी हे व्हिक्टोरिया राणीच्या काळात निकालात काढलंय. स्वतःला दोष देत बसणं हा आपल्या लोकांचा आवडता उद्योग आहे. आता त्यानं दाखवून द्यायचं की हे वाक्य लिहिताना ते खरं मानायला त्याच्याकडे कारण होतं. तू नाही."

मी अगदी साधी मागणी घेऊन गेलो होतो. त्याला एक कडक पत्र लिहून द्या, थोडी किंमत कमी करून घेऊ आणि चालवून घेऊ. टेबलाच्या डाव्या अर्ध्यात माप बरोबर येत होतं, छोटे भाग तेवढ्यात बसले असते. हे ऐकल्यावर ताईंनी पेन्सिल खाली ठेवली. "‘चालवून घेऊ’ हे या घरात बोलायचं नाही. नीट ऐक. दोन वाटा आहेत. यंत्र ठेवून घे आणि नुकसान भरून माग. किंवा करारच मोड, यंत्र त्याचं त्याला, तुझे पैसे तुला, दोघं होतात तिथे परत, आणि मधे झालेलं नुकसान वर माग. पण दुसरी वाट हवी असेल तर खरं कळल्यापासून त्या यंत्राला हात लावायचा नाही. एक दिवस जरी वापरलंस, तर तू ते जाणूनबुजून पत्करलंस असा अर्थ होतो आणि ती वाट बंद होते. आज वापरलंस?" नव्हतं वापरलं. सोमवारी मात्र एक मोठं काम ठरलेलं होतं. "मग सोमवारी गिऱ्हाइकाला नाही म्हण. जिवावर येईल, येऊ दे." त्यांनी ड्रॉवरमधून एक लाल टॅग काढला, त्यांच्या कंपनीत बंद यंत्रांना लावायचे तसला, त्यावर जर्मनमध्ये ‘वापरू नये’ असं लिहून तारीख घातली आणि मला दिला.

मी उठलो तर म्हणाल्या, "बस. अजून व्हायचंय. तुझ्या रिपोर्टांवर काय लिहितोस?" मी सांगितलं, अमुक इतक्या अचूकतेनं मोजलं आहे, असं. "आणि आता तुला माहीत आहे की ते कदाचित खरं नाही. लिहिलंस तेव्हा खरं वाटत होतं, ठीक. आता कळल्यावर गप्प बसलास तर तू आणि तो विकणारा एकाच बाकावरचे. कायदा बाजूला ठेव. ज्यांना ज्यांना रिपोर्ट दिलेस त्या सगळ्यांना कळव." नऊ ग्राहक होते. नुकत्याच उघडलेल्या लॅबनं नऊ जणांना लिहायचं की आमची मापं धरू नका! मी म्हणालो, "ताई, लॅब बुडेल." त्या म्हणाल्या, "बुडेल कदाचित. मग दुसरी काढशील. पण नाव गेलं तर कशावर काढशील?"

मी पत्रं लिहिली. आठ. नववं ब्रेनरसाहेबांचं, लिहून ठेवलं होतं, पण पाठवायला हात धजेना. या माणसानं माझ्या शब्दावर आपल्या वरिष्ठांशी भांडून काम दिलं होतं. उद्या पाठवू, परवा पाठवू... आठवड्यानं ताईंनी जिन्यात विचारलं, "कळवलंस सगळ्यांना?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, सगळ्यांना पाठवलं." मनात म्हटलं, आज पाठवतोच, म्हणजे खोटं ठरणार नाही. त्या दिवशीही पाठवलं नाही. नंतर तर ते मनातून बाजूलाच सारलं. माणूस स्वतःला कसा फसवतो हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडे या.

मधल्या काळात करार मोडल्याचं पत्र विक्रेत्याला गेलं. मजकूर ताईंचा, सही माझी. आणि मग आली खंडेनवमी. आता मी काय सांगू! गेल्या सहा वर्षांत मी घरातल्या स्क्रू-ड्रायव्हरचीही पूजा चुकवली नव्हती, मग पहिल्या लॅबमधल्या यंत्राची कशी चुकवणार? ते सदोष आहे, परत जाणार आहे, सगळं खरं. अनघा म्हणाली, "त्या बिचाऱ्या यंत्राचा काय दोष?" तेही पटलं. इथे झेंडूचे हार मिळत नाहीत, म्हणून गार्टनसेंटरमधून टागेटेसच्या, म्हणजे इथल्या बुटक्या झेंडूच्या, दहा कुंड्या आणून तिनं सगळी फुलं खुडली आणि हार केला. हळद, कुंकू, अक्षता, पेढे. मी फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला. खाली इंग्रजीत काय लिहावं? ‘आमच्या लॅबचा कणा.’ हे सुचलं तेव्हा स्वतःवर मी खूशही झालो होतो.

तीन आठवड्यांनी विक्रेत्याच्या वकिलांचं उत्तर आलं, सोबत तो फोटो रंगीत छापलेला. त्यांचं म्हणणं असं की करार मोडल्याचं सांगितल्यानंतर तुम्ही याच यंत्राला हार घालून उत्सव केलात, जाहीरपणे त्याला लॅबचा कणा म्हटलंत, याचा अर्थ तुम्ही ते पत्करलं आहे. मी कागद घेऊन वर धावलो. ताईंनी फोटो पाहिला आणि त्या हसत सुटल्या. चष्मा काढून डोळे पुसले, पुन्हा पाहिलं, पुन्हा हसल्या. जयंतराव स्वयंपाकघरातून बघायला आले. मग एकदम थांबल्या. "अरे शहाण्या, खंडेनवमी केलीस ती केलीस, जगाला कशाला दाखवलीस? आणि कणा? कणा! ज्याचा खांब मोडलेला आहे त्याला?" त्यांनी भिंग आणलं, फोटोवर धरलं. हाराच्या खालून लाल टॅगचा कोपरा दिसत होता. मेन स्विच बंद असल्याचंही दिसत होतं. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाजच बदलला. "आता बघ मी कशी लिहिते ते."

त्या उत्तराचे त्यांनी पाच मसुदे केले. इंग्लिश वकिलांना खंडेनवमी समजावून सांगायची होती, आणि तीही अशी की त्यात एक शब्द फुगवलेला नको. त्यांनी लिहिलं की या दिवशी आमच्याकडे कारागीर हत्यार खाली ठेवतो, ते चालवत नाही. त्या दिवशी पुजलेलं हत्यार वापरात नसतं. कणा म्हणणं हे माझं मत, तेही भाबडं. आणि मग वस्तुस्थिती, ओळीनं: दोष कळला त्या दिवसापासून यंत्र बंद आहे, त्यावर टॅग आहे, त्यानंतर एकही मापन झालेलं नाही, आणि त्या यंत्रावर मोजलेल्या कामाच्या सर्व ग्राहकांना लेखी कळवण्यात आलं आहे. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी पेन्सिलीनं सरळ रेघ मारली. "हे सगळ्यात भक्कम वाक्य आहे तुझं," त्या म्हणाल्या. "ज्याला यंत्र ठेवून घ्यायचंय तो माणूस असं कधी करत नाही."

शनिवार होता. पत्र आइनश्राइबननं, म्हणजे रजिस्टरनं, जायचं होतं आणि पोस्ट एकला बंद व्हायचं. साडेबाराला मी सही करायला वर गेलो. पाकिटावर पत्ता घालून तयार, माझं पेन हातात, आणि ते वाक्य समोर. खाली सरळ रेघ. मी पेन खाली ठेवलं. "ताई, यातलं एक वाक्य खोटं आहे." त्या पत्रावर वाकल्या. "कोणतं?" मी बोट ठेवलं. "ब्रेनरना कळवलेलं नाही. मी तुम्हाला सांगितलं ते... तेव्हाही खरं नव्हतं."

त्या ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. घड्याळात पाऊण वाजला. मग म्हणाल्या, "दुसऱ्याला खोटारडा म्हणणारं पत्र आणि त्यातच खोटं. माझ्या हातानं लिहिलेलं." मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे सांगायला आजही लाज वाटते. मी म्हटलं, ते वाक्य काढून टाकू. "नाही," त्या म्हणाल्या. "वाक्य राहील. ते खरं करायचं. फोन कर. इथून, माझ्यासमोर, आत्ता."

मी त्यांच्या स्वयंपाकघरातून ब्रेनरना घरी फोन लावला. ते बहुधा बागेत असावेत, मागे गवत कापायच्या यंत्राचा आवाज. मी सगळं सांगितलं. आवाज थांबला. "आल्झो... बरं. आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" याच प्रश्नाला मी इतके दिवस घाबरत होतो. ताई समोर बसून होत्या. मी म्हणालो, "सात आठवडे." ते म्हणाले, "सोमवारी सात वाजता येतो. सगळे रिपोर्ट काढून ठेवा. आणि हेच मला लेखी द्या." फोन बंद. ताईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून गेला होता, पोस्ट बंद झालं होतं. "सोमवारी दुपारी पाठवू," त्या म्हणाल्या, "तोवर ते खरं झालेलं असेल." मग उठून त्यांनी मला वरण-भात वाढला. मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकून घेतलं नाही.

ब्रेनर सोमवारी आले, रिपोर्ट घेऊन गेले, माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी भाग दुसरीकडे मोजून घेतले. दोन तुकड्या बाद निघाल्या, आणि त्या अजून जुळणीला गेलेल्या नव्हत्या. अजून महिनाभर मी गप्प बसलो असतो तर त्या गाड्यांमध्ये बसल्या असत्या. नऊपैकी पाच ग्राहक गेले. ब्रेनरही दीड वर्ष फिरकले नाहीत. मग एक दिवस स्वतःच एक खोकं घेऊन दारात उभे राहिले. कारण विचारायची माझी हिंमत झाली नाही.

विक्रेत्याशी पत्रापत्री हिवाळाभर चालली. त्याच वर्षी इंग्लंडनं युरोपातून बाहेर पडायचं मत दिलं होतं, आणि कुणी तो विषय काढला की ताई म्हणायच्या, "ते जाऊ देत कुठे जायचं तिथे. त्यांचा कायदा माझ्या टेबलावर आहे, तो कुठे जात नाही." त्यांनी प्रत्येक पत्रात एकच प्रश्न विचारला: ते वाक्य लिहिताना तुमच्याकडे कोणता कागद होता? शेवटी कळलं की खांब दुरुस्त केल्याचा कागद विक्रेत्याच्याच फायलीत पडून होता, वाक्य लिहिणाऱ्यानं तो उघडून पाहिलाच नव्हता. मार्चमध्ये ट्रक आला आणि यंत्र घेऊन गेला. पैसे परत आले, फेरतपासणीचा खर्चही. रिकाम्या फरशीवर यंत्राच्या पायांचे चार डाग राहिले होते. ताई बघायला आल्या, त्या डागांमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "हं. होतास तिथे आलास. आता लाग कामाला." दुसरं यंत्र घेताना त्या स्वतः माझ्याबरोबर गेल्या. विकणाऱ्या जर्मन गृहस्थाचा त्यांनी पेन्सिल हातात धरून तीन तास असा काही घाम काढला की शेवटी त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, या तुमच्या आई का? मी हो म्हणालो. हे वाक्य मी अजून दुरुस्त केलेलं नाही, आणि करणारही नाही.

इथे दहनालासुद्धा टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घ्यावी लागते. नऊ दिवसांनी मिळाली. तोवर मी रोज वर जाऊन जयंतरावांजवळ बसायचो. त्यांनी सांगितलं की ताईंना आपल्या आजाराचं मे महिन्यातच कळलं होतं. "तुला सांगूया असं मी म्हटलं. ती म्हणाली, त्याचं ऑडिट तोंडावर आहे, ते सोडून माझ्यासाठी दवाखान्यांत पळत बसेल. विचारलंन तर सांगेन." मला इतका राग आला! विचारलंन तर? मी विचारायला आलो होतो ना, वड्यांचा डबा घेऊन! पण नाही... मी विचारलं नव्हतं. ‘बऱ्या दिसताय’ हे मी माझं मत सांगितलं होतं, आणि त्यांनी त्याला नुसता दुजोरा दिला होता. एक शब्द खोटा नाही. तरी ताई, मी भांडणार तुमच्याशी. अर्धं सांगून उरलेलं झाकून ठेवणं हेही चालत नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत. या एका बाबतीत तुमची चूक आहे, आणि ती चूक तुम्ही माझ्या लॅबसाठी केलीत हे मला कायम टोचत राहणार.

गेल्या शनिवारी जयंतरावांनी मला एक करडी फाइल दिली. माझ्या प्रकरणाची. त्यात पत्रांच्या प्रती होत्या आणि एक चौकटीची वही. मी त्यांना जे जे सांगत गेलो ते सगळं त्यांनी तारखेसह उतरवून ठेवलं होतं आणि खाली रेघा मारल्या होत्या. सरळ, नागमोडी, दोन-दोन. माझी बडबड इतक्या काळजीनं कधी कुणी ऐकलेली नाही. सहाव्या पानावर ते होतं. ‘मिलिंद: सगळ्यांना पाठवलं.’ खाली सरळ रेघ. शेजारी, वेगळ्या तारखेला लिहिलेलं, एक बारीक प्रश्नचिन्ह. म्हणजे त्यांना शंका आलेली होती... त्या शनिवारच्या आधीच. आणि तरीही त्यांनी ते वाक्य मसुद्यात घातलं, खाली रेघ मारली, माझ्यासमोर ठेवलं आणि वाट पाहिली. प्रश्नचिन्हावर काट मारलेली होती. त्यापुढे त्यांच्या ठसठशीत अक्षरात दोनच शब्द होते: ‘दुरुस्त केलं.’ आणि मग, जरा जागा सोडून, ‘स्वतःहून.’

वही मिटून मी बाहेर आलो तर पाटी त्यांच्या दाराला लटकलेली. त्यांचा आठवडा होता. जयंतरावांना गुडघ्यांमुळे वाकता येत नाही. मी खालून बादली आणली आणि तिसऱ्या मजल्यापासून सुरुवात केली. तळमजल्यावर पोचलो तेव्हा केसलरबाई दार उघडून म्हणाल्या, "हेअर कुळकर्णी, हा तुमचा आठवडा नाही." मी म्हणालो, "माहीत आहे." त्या आत जाऊन दुसरं फडकं घेऊन आल्या. दोघांनी मिळून खालचा मजला पुसला. पाटी काढायला मी वर गेलो, हातात घेतली, आणि पुढच्या दाराशी थांबलो. दुसऱ्या मजल्यावरच्या हीटरच्या मागचा कोपरा... पुसला होता का? आठवेना. पाटी काखेत मारून खाली गेलो. कोपऱ्यात धूळ होती. ती पुसली, आणि मग पाटी लावली.